स्प्रिंटचा १२० आणि नर्सची पाच मिनिटं

संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात: पेपर वाचायचा म्हणजे नेमकं काय वाचायचं? बहुतेक जण सारांश वाचतात, शेवटचा निष्कर्ष वाचतात, तक्त्यांवरून नजर फिरवतात आणि ‘पद्धती’ नावाचा भाग चक्क ओलांडून जातात. त्यात असतं काय? कुठलं यंत्र वापरलं, किती वेळा मोजलं, कोणी मोजलं. कंटाळवाणं वाटतं ते. पण पेपरचं खरं परीक्षण तिथेच होतं.

आज उच्च रक्तदाबावरचा एक गाजलेला पेपर घेऊ आणि तो याच बाजूने वाचू. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवते, म्हणजे वाचता वाचता तुम्हाला ते तपासता येईल. हा अभ्यास चांगला आहे आणि त्याचा मुख्य निष्कर्ष मला मान्य आहे. पण त्यातला १२० हा आकडा ज्या मोजण्यातून आला, ते मोजणं पेपरने पुरेसं सांगितलेलं नाही. त्यामुळे तो आकडा आपल्या ओपीडीत जसाच्या तसा उचलून आणता येत नाही. आणि रक्तदाब मोजणं हे दवाखान्यात बहुतेक वेळा नर्सच्याच वाट्याला येत असल्यामुळे, ही उणीव नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या नजरेला सगळ्यात आधी खुपायला हवी.

अभ्यास काय होता

अभ्यासाचं नाव स्प्रिंट. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या निधीतून तो अमेरिका आणि पोर्तो रिको इथल्या मिळून १०२ केंद्रांवर झाला आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. प्रश्न साधा होता. वरचा, म्हणजे सिस्टोलिक रक्तदाब १४० च्या खाली ठेवणं पुरेसं आहे, की १२० च्या खाली नेला तर रुग्णाचा आणखी फायदा होतो?

त्यासाठी ५० किंवा त्याहून जास्त वयाचे, सिस्टोलिक १३० ते १८० च्या दरम्यान असलेले आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला आहे असे ९,३६१ लोक घेतले. मधुमेह असलेल्यांना आणि आधी पक्षाघात होऊन गेलेल्यांना वगळलं. उरलेल्यांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. एका गटाचं लक्ष्य १२० च्या खाली, दुसऱ्याचं १४० च्या खाली. सोयीसाठी आपण पहिल्याला कडक गट म्हणू, दुसऱ्याला नेहमीचा गट.

एका वर्षाने कडक गटाची सरासरी १२१.४ वर आली, नेहमीच्या गटाची १३६.२ वर. त्यासाठी कडक गटाला सरासरी २.८ औषधं लागली, नेहमीच्या गटाला १.८. म्हणजे साधारण एक गोळी जास्त. अभ्यास सुमारे पाच वर्षं चालवायचा होता, पण फरक इतका स्पष्ट दिसायला लागला की ३.२६ वर्षांच्या मध्यक कालावधीनंतर तो थांबवला.

निष्कर्ष असा. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदय निकामी होणं, हृदयविकाराने मृत्यू अशा घटनांपैकी एखादी घडण्याचं प्रमाण कडक गटात वर्षाला १.६५ टक्के होतं आणि नेहमीच्या गटात २.१९ टक्के. म्हणजे धोका २५ टक्क्यांनी कमी. कुठल्याही कारणाने होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी.

२५ टक्के म्हणजे किती माणसं

इथे एक मिनिट थांबा. ‘२५ टक्क्यांनी कमी’ हे वाक्य बातमीत छान दिसतं, पण संशोधकाने त्याच्या शेजारी दुसरा आकडा लिहायची सवय लावून घ्यावी. कडक गटात ४,६७८ लोक होते, त्यांपैकी २४३ जणांना अशी घटना घडली. नेहमीच्या गटात ४,६८३ लोक, त्यांपैकी ३१९. भागाकार करून बघा: ५.२ टक्के आणि ६.८ टक्के. फरक साधारण दीड टक्क्याचा. पेपरच्याच हिशोबाने, एक घटना टाळण्यासाठी ६१ लोकांना सव्वातीन वर्षं कडक उपचार द्यावे लागतात.

हा फायदा लहान आहे असं मी म्हणत नाही. उच्च रक्तदाब लाखो लोकांना असतो, तिथे ६१ मागे एक ही मोठीच गोष्ट आहे. पण त्याची किंमतही त्याच पेपरमध्ये दिलेली आहे. रक्तदाब फार खाली जाणं, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, मूत्रपिंडाला अचानक इजा होणं आणि रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडणं हे कडक गटात जास्त दिसलं. मूत्रपिंडाच्या तीव्र इजेचं गंभीर प्रकरण कडक गटात ४.१ टक्के लोकांत झालं, नेहमीच्या गटात २.५ टक्के लोकांत. फायदा आणि तोटा दोन्ही एकाच तागडीत घालून बघायचे असतील, तर रुग्ण खरोखर कुठल्या रक्तदाबावर आहे हे नीट कळलं पाहिजे. आणि इथूनच आपला खरा विषय सुरू होतो.

पद्धतीतलं ते वाक्य

रक्तदाब कसा मोजला याबद्दल पेपरमध्ये थोडक्यात सांगितलंय: रुग्ण बसलेला, पाच मिनिटं शांत विश्रांती, ओमरॉन कंपनीचं ९०७ मॉडेलचं स्वयंचलित यंत्र, तीन वाचनांची सरासरी. वरवर बघता यात काही कमी नाही. यंत्र दिलं, वेळ दिला, किती वाचनं तेही दिलं.

पण या पाच मिनिटांत आणि त्यानंतर कफ फुगत असताना खोलीत कोणी होतं का?

हे त्या वर्णनात नाही. हे यंत्र आधी विश्रांतीचा वेळ मोजून मग आपोआप तीन वाचनं घेईल असं लावून ठेवता येतं, त्यामुळे कर्मचारी बटण दाबून बाहेर जाऊ शकतो. तो खरंच बाहेर गेला, की समोर खुर्चीवर बसून राहिला? २०१६ मध्ये युरोपातल्या रक्तदाब-तज्ज्ञांनी हा प्रश्न छापील स्वरूपात विचारला आणि त्यावर पुढे दोन-तीन वर्षं वाद चालला. विचार करा, नऊ हजारांवर लोक, शंभराहून जास्त केंद्रं, एवढा खर्च, आणि वाद कशावर? खोलीत माणूस होता की नव्हता यावर. पद्धतीत एक वाक्य जास्त लिहिलं असतं तर तो झालाच नसता.

खोलीत कोण आहे याने एवढा काय फरक पडतो?

पडतो. इटलीतल्या जुझेप्पे मान्चिया यांच्या गटाने १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास छापला होता. त्यांनी ४८ जणांचा रक्तदाब थेट धमनीत बसवलेल्या नळीतून सतत नोंदवत ठेवला आणि मग डॉक्टरांना रुग्णाच्या खाटेपाशी पाठवलं. डॉक्टर आल्यापासून चार मिनिटांच्या आत सिस्टोलिक रक्तदाब सरासरी २६.७ मि.मी.ने चढला. डॉक्टरांनी काही वाईट बातमी दिली नव्हती, ते फक्त रक्तदाब मोजायला आले होते. १९८७ मध्ये याच गटाने डॉक्टर आणि नर्स यांची तुलना केली. नर्स आल्यावरही रक्तदाब चढला, पण डॉक्टर आल्यावर चढतो त्याच्या निम्म्याच्या आसपास.

पुढे २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अशा अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्याच रुग्णांचा रक्तदाब डॉक्टरांनी मोजला तर नर्सपेक्षा सरासरी ७ मि.मी. जास्त आला. म्हणजे मोजणारा बदलला की आकडा बदलतो. रुग्ण तोच, दंड तोच. तेव्हा ‘कोणी मोजलं’ ही माहिती कर्मचाऱ्यांचे आभार मानण्याच्या ओळीत टाकून चालत नाही, ती मोजमापाचा भाग आहे.

शब्दांबद्दल एक गोष्ट. ‘व्हाइट कोट’ हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. आपल्याकडे तो बहुतेक वेळा रुग्णाचा दोष असल्यासारखा वापरतात: ‘घाबरट आहे, डॉक्टरांना बघून बीपी वाढतं.’ पण मान्चियांच्या अभ्यासात ही वाढ जवळपास सगळ्यांमध्ये दिसली होती, ज्यांचा रक्तदाब एरवी नॉर्मल होता त्यांच्यातसुद्धा. कमीजास्त प्रमाणात ती सगळ्यांनाच होते.

स्प्रिंटच्या गटाने दिलेलं उत्तर

टीका झाल्यावर स्प्रिंटच्या संशोधकांनी प्रामाणिकपणे एक काम केलं. सगळ्या केंद्रांना विचारलं की तुमच्याकडे नेमकं काय होत होतं. उत्तरं २०१८ मध्ये छापली. ३८ केंद्रांवर, ४,०८२ लोकांच्या बाबतीत, विश्रांती आणि मोजमाप दोन्ही वेळा रुग्ण एकटा होता. २५ केंद्रांवर, २,२४७ लोकांच्या बाबतीत, कर्मचारी पूर्ण वेळ खोलीत होता. १९ केंद्रांवर रुग्ण फक्त विश्रांतीच्या वेळी एकटा होता, आणि ६ केंद्रांवर फक्त मोजमापाच्या वेळी. एकाच अभ्यासात चार तऱ्हा!

या गटांची तुलना केल्यावर त्यांना दिसलं की कर्मचारी असो वा नसो, गाठलेला रक्तदाब साधारण सारखाच होता आणि कडक उपचारांचा फायदाही सारखाच होता. यावरून त्यांनी वाद मिटला असं मानलं.

मिटला का? अर्धा मिटला असं मला वाटतं. त्यांच्या बाजूने सांगायचं तर यादृच्छिक विभागणीने इथे मोठं काम केलेलं आहे. एका केंद्रावर दोन्ही गटांचं मोजमाप एकाच पद्धतीने होत होतं. म्हणजे मोजण्यात काही झुकाव असलाच तर तो दोन्हीकडे सारखा होता. त्यामुळे ‘जास्त खाली नेलेल्या गटाला कमी झटके आले’ हा निष्कर्ष टिकतो. याला आपण अभ्यासाची आतली विश्वासार्हता म्हणतो, आणि स्प्रिंटची ती मजबूत आहे.

पण त्या सर्वेक्षणाला दोन मर्यादा आहेत. पहिली, ते अभ्यास संपल्यावर केलं. म्हणजे काय झालं होतं हे केंद्रांनी मागे वळून आठवून सांगितलं. दुसरी, कुठल्या केंद्राने कर्मचारी खोलीत ठेवायचा हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं, ज्या त्या केंद्राच्या सोयीने ठरलं होतं. जागा किती, माणसं किती, रुग्ण किती वयस्कर, या सगळ्याचा त्यात हात असणार. शिवाय उपचार तर त्या केंद्रावर मिळालेल्या वाचनावरूनच ठरत होते. वाचन जास्त आलं तर गोळी वाढवायची, ते १२० च्या खाली येईपर्यंत. मग सगळीकडे शेवटी आकडा १२० च्या आसपासच दिसणार! गाठलेला आकडा सारखा आहे यावरून मोजण्याची पद्धत बिनमहत्त्वाची ठरत नाही. हा मुद्दा सुटा लिहून ठेवा, कारण अशी तुलना तुम्हाला अनेक पेपरमध्ये भेटेल.

नेहमीच्या गटाचा नियम तर आणखी बोलका आहे. त्या गटात एका भेटीत सिस्टोलिक १३० च्या खाली आलं, किंवा लागोपाठ दोन भेटींत १३५ च्या खाली आलं, तर औषध कमी करायचं असं ठरलेलं होतं. म्हणजे एका चांगल्या वाचनावर गोळी काढली जाऊ शकत होती आणि कडक गटात एका वाईट वाचनावर गोळी वाढू शकत होती. दोन्ही बाजूंनी रुग्णाच्या पोटात काय जायचं ते त्या तीन वाचनांची सरासरी ठरवत होती.

दवाखान्याचा १२० आणि अभ्यासाचा १२०

आता बाहेरची विश्वासार्हता बघू. म्हणजे अभ्यासात जे दिसलं ते अभ्यासाबाहेर लागू पडतं का? याचं सगळ्यात चांगलं उत्तर २०२० मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलं. स्प्रिंटमधले लोक अभ्यासाच्या भेटींशिवाय आपापल्या नेहमीच्या दवाखान्यातही जात होते. तिथे त्यांचा रक्तदाब नेहमीच्या पद्धतीने मोजून संगणकावर नोंदवला जात होता. सुमारे तीन हजार लोकांच्या या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघितल्या. कडक गटात दवाखान्याची नोंद अभ्यासाच्या नोंदीपेक्षा सरासरी ७.३ मि.मी. जास्त निघाली, नेहमीच्या गटात ४.६.

तुमच्या मनात लगेच येईल, मग काय, सात वजा करायचे! तेच करता येत नाही. एकेका माणसाकडे बघितलं तर हा फरक साधारण उणे ३० पासून अधिक ४५ मि.मी.पर्यंत पसरलेला होता. कुणाचा दवाखान्यात खूप जास्त, कुणाचा चक्क कमी. सरासरी दुरुस्ती एखाद्या रुग्णाला लावायला गेलात तर तुम्ही अंदाजावर औषध देत असता.

याचा व्यवहारात अर्थ काय? समजा ७२ वर्षांच्या आजी आहेत. ओपीडीत घाईघाईत एकदा मोजलेला त्यांचा रक्तदाब १२८ आहे. स्प्रिंटच्या पद्धतीने मोजला असता तर तो कदाचित १२० च्या आसपास आला असता. कोणीतरी ‘नवीन संशोधन १२० म्हणतंय’ असं म्हणून तिसरी गोळी लिहून दिली. आता आजी रात्री उठल्या, तोल गेला. स्प्रिंटमध्ये आजींना हे लक्ष्य कुणी दिलंच नव्हतं. आकडा तोच असला तरी मोजण्याची रीत वेगळी होती. उलटंही होऊ शकतं. कफ दंडाच्या मानाने मोठा, वाचन कमी, ‘सगळं ठीक आहे’, आणि ज्याला औषधाची गरज आहे तो तसाच घरी जातो.

कफ आणि हात

खोलीत कोण आहे हा एक भाग झाला. दुसरा भाग तर पूर्णपणे मोजणाऱ्याच्या हातात असतो, आणि त्यावर अलीकडे दोन सुंदर छोटे अभ्यास झालेत. दोन्ही जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांचे, दोन्ही यादृच्छिक.

पहिला २०२३ चा, १९५ जणांवर. प्रत्येकाचा रक्तदाब योग्य मापाच्या कफने आणि चुकीच्या मापाच्या कफने मोजला. ज्यांना मोठा कफ हवा होता त्यांना नेहमीचा लावला तर सिस्टोलिक सरासरी ४.८ मि.मी. जास्त आला. ज्यांना अतिमोठा कफ हवा होता त्यांना नेहमीचा लावला तर १९.५ मि.मी. जास्त! ज्यांच्या दंडाला लहान कफ हवा होता त्यांना नेहमीचा लावला तर ३.६ ने कमी. आपल्याकडे बारीक दंडाच्या बायका आणि म्हातारी माणसं काही कमी नाहीत, तेव्हा हा शेवटचा आकडाही नजरेआड करू नका.

दुसरा २०२४ चा, १३३ जणांवर. हात टेबलावर हृदयाच्या पातळीला टेकवून मोजलं, मग मांडीवर ठेवून, मग बाजूला लोंबता ठेवून. मांडीवर सिस्टोलिक ३.९ मि.मी. जास्त, लोंबत्या हाताने ६.५ मि.मी. जास्त.

आता हे आकडे स्प्रिंटशेजारी ठेवा. कडक आणि नेहमीच्या गटात वर्षभराने जो फरक पडला तो साधारण १५ मि.मी.चा. तेवढ्यासाठी एक गोळी वाढवावी लागली. चुकीच्या मापाचा कफ एकटाच त्याहून मोठा फरक पाडू शकतो. म्हणून मी म्हणते की मोजणं हा उपचाराआधीचा किरकोळ सोपस्कार नाही. उच्च रक्तदाबाच्या शुश्रूषेत सगळे निर्णय त्याच्यावर उभे असतात.

आपल्याकडे हे का महत्त्वाचं

स्प्रिंट अमेरिकेतलं, मग आपण त्यावर एवढा वेळ का घालवावा? कारण हे आकडे प्रवास करतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांनी उच्च रक्तदाबाची सुरुवात १३०/८० वर आणली, आणि त्यामागे स्प्रिंटचा मोठा वाटा होता. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात अजून १४०/९० ही रेषा धरतात. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना आणि सरकार यांनी मिळून सुरू केला, पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्रही होता. त्यात शेवटच्या भेटीत रक्तदाब १४०/९० च्या खाली असेल तर तो नियंत्रणात धरतात. कुठली रेषा बरोबर हा वाद आज बाजूला ठेवू. रेषा कुठलीही असो, रेषेच्या आसपास खूप माणसं असतात, आणि पाच-सात मि.मी.ची चूक त्यांना रेषेच्या या बाजूवरून त्या बाजूला नेते.

आणि मोजतं कोण? प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात, कुठे नर्स, कुठे आरोग्यसेविका, कुठे समुदाय आरोग्य अधिकारी. रांग दारापर्यंत, रुग्ण नुकताच एसटीतून उतरून चालत आलेला, स्टुलाला पाठ नाही, टेबल औषधांनी भरलेलं म्हणून हात मांडीवर, बाही घट्ट म्हणून कफ कापडावरून, आणि कफ लावता लावता ‘गोळ्या घेता का वेळेवर?’ हा प्रश्न. यातली प्रत्येक गोष्ट आकडा हलवते. यात नर्सचा दोष काढणं सोपं आहे आणि चुकीचंही आहे. तासाला चाळीस रुग्ण असतील तर प्रत्येकाला पाच मिनिटांची विश्रांती कुठून आणणार? स्प्रिंटने ती पाच मिनिटं पैसे देऊन मिळवली होती. त्यासाठी माणसं नेमली, खोली दिली, यंत्र दिलं. स्प्रिंटचा १२० हवा असेल तर त्यासोबत हेही आणावं लागेल, हा या पेपरमधून निघणारा धडा पेपरने स्वतः मोठ्याने सांगायला हवा होता. माझी त्याच्यावर मुख्य टीका ही आहे.

तुमच्या प्रबंधात हे कुठे येतं

नर्सिंगच्या एम.एस्सी.च्या प्रबंधांत उच्च रक्तदाब हा लाडका विषय. शिक्षण कार्यक्रम, चालण्याचा व्यायाम, श्वसनाचे प्रकार, आणि आधी-नंतर मोजलेला रक्तदाब. पद्धतीत मात्र रक्तदाबाबद्दल बहुधा एकच वाक्य: ‘प्रमाणित उपकरणाने रक्तदाब मोजण्यात आला.’ स्प्रिंटने निदान यंत्राचं मॉडेल, विश्रांती आणि वाचनांची संख्या दिली होती, तरी त्यावर वाद झाला. तुमच्या त्या एका वाक्यावर परीक्षकाने किती प्रश्न विचारावेत?

तेव्हा प्रस्ताव लिहितानाच पुढच्या गोष्टी ठरवा आणि लिहा. यंत्र कुठलं आणि त्याची तपासणी शेवटची कधी झाली. कफची किती मापं ठेवली आणि दंडाचा घेर मोजून माप निवडलं का. रुग्ण किती मिनिटं बसला, पाठ टेकलेली होती का, पाय जमिनीवर होते का, हात कशावर होता. किती वाचनं, दोन वाचनांत किती अंतर, पहिलं वाचन धरलं की सोडलं. मोजणारी व्यक्ती कोण, ती खोलीत होती का, बोलत होती का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रुग्ण कुठल्या गटातला हे मोजणाऱ्याला माहीत होतं का. माहीत असेल तर ते लपवू नका, मर्यादांमध्ये स्पष्ट लिहा.

आणखी दोन तपासण्या सांगते, दोन्ही फुकट आहेत. पहिली, तुमच्या नोंदीतले शेवटचे अंक मोजा. हाताने फुगवायच्या यंत्रावर खुणा दोन-दोन मि.मी.वर असतात, म्हणजे शेवटी ०, २, ४, ६, ८ यांपैकी काहीही येऊ शकतं आणि शून्य साधारण २० टक्के वेळा यायला हवं. तुमच्या वहीत निम्म्याहून जास्त नोंदी १२०, १३०, १४० अशाच असतील, तर तिथे आकडे वाचण्याऐवजी जवळच्या दहावर नेऊन लिहिलेत. ही अडचण जुनी आहे. तिच्यावर उपाय म्हणून ब्रिटनमधल्या जेफ्री रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच संशोधनासाठी खास रक्तदाबयंत्र मांडलं होतं, ज्यात मोजणाऱ्याच्या पूर्वग्रहाला वाव राहू नये अशी सोय होती.

दुसरी, रुग्ण निवडताना एकाच वाचनावर निवडू नका. शिबिरात ज्यांचं वाचन त्या दिवशी जास्त आलं त्यांनाच घेतलं, तर महिन्याने मोजल्यावर त्यांची सरासरी काहीही न करता खाली येणार. त्या दिवशीचं वाचन काही अंशी योगायोगाने वर होतं, ते परत आपल्या नेहमीच्या जागी येतं. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर हे उतरणं तुम्ही तुमच्या व्याख्यानाच्या किंवा प्राणायामाच्या खात्यावर जमा कराल. स्प्रिंटला या शंकेचं उत्तर द्यावं लागलं नाही, कारण तिथे दुसरा गट होता. तुमच्याकडेही असू द्या, वीस-पंचवीस जणांचा का असेना.

शेवटी स्प्रिंटबद्दल माझं मत पुन्हा एकदा, सरळ शब्दांत. कडक नियंत्रणाने जीव वाचतात हे त्याने दाखवलं, आणि २०२४ मध्ये चीनमधल्या एस्प्रिट नावाच्या ११,२५५ लोकांच्या अभ्यासानेही १२० च्या खालच्या लक्ष्याचा फायदा दाखवला. त्यात तर मधुमेह आणि पक्षाघाताचे रुग्णही होते. मला शंका आहे ती फक्त त्या लक्ष्याच्या उसनवारीबद्दल. कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत १२० किंवा १३० दिसलं की मूळ पेपर उघडा, पद्धतीचा भाग काढा आणि एवढं शोधा: त्या रुग्णाला बसायला खुर्ची कशी होती, किती वेळ बसवलं होतं आणि शेजारी कोण होतं. पुढच्या जर्नल क्लबमध्ये हा पेपर तुमच्या वाट्याला आला तर सुरुवात इथूनच करा. आणि त्याआधी आपल्या वॉर्डातल्या कफची मापं एकदा मोजून घ्या.